‘इट’ला मध्ये बसवा!

मागच्या महिन्यातली एक रात्र. साडेनऊ वाजलेत, घणसोलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये गॅसवर मॅगी उकळतेय आणि माझी रूममेट दारातूनच बॅग सोफ्यावर भिरकावते. ‘आजपासून मी कॉलवर तोंड उघडणार नाही. जे काय असेल ते चॅटवर टाइप करीन,’ बाईसाहेबांनी जाहीर केलं.

आता ही पोरगी म्हणजे अशीतशी नाही. टेस्टिंगमध्ये आहे आणि बग कुठे लपलाय हे तिला वासावरून कळतं. टीममध्ये कुणाचंही काही अडलं की खुर्च्या सरकत सरकत हिच्याच डेस्कपाशी येतात. पण त्या दिवशी झालं असं, की क्लायंटचा कॉल चालू होता, दहा-बारा जण ऑनलाइन होते आणि क्लायंटने हिला एक आकडा विचारला. आकडा तपासून सांगावा म्हणून ही म्हणाली, ‘आय विल कॉल बॅक यू इन टेन मिनिट्स.’ क्लायंटला कळलं. तो ‘श्योर, थँक्स’ म्हणाला. पण आपल्याच टीममधला एक जण म्यूटवर नव्हता. तो फिसकन हसला आणि वर ‘कॉल बॅक यू’ असं चाखत चाखत म्हणाला. दोन सेकंदांची गोष्ट. क्लायंट विसरलाही असेल. ही विसरली नाही.

‘अगं, कॉल यू बॅक म्हणायचं,’ मी मॅगी ढवळत म्हटलं.

‘का?’

‘का म्हणजे? तसंच असतं.’

‘पण का? कॉल बॅक द क्लायंट चालतं ना? मग कॉल बॅक यू का नाही चालत?’

मी गप्प. मास कॉमची डिग्री, इंग्लिश मीडियमची दहा वर्षं, आणि उत्तर काय, तर ‘कानाला बरोबर वाटतं’.

‘तुझा कान नाशिकच्या कॉन्व्हेंटचा आहे,’ ती म्हणाली. ‘माझा संगमनेरजवळच्या मराठी शाळेतला. मला कान नको, रूल सांग.’

ते वाक्य मला चांगलंच लागलं. कारण खरं सांगू? तो कान मी काही अभ्यास करून कमावला नव्हता. तो मला शाळेच्या फीमध्ये मिळाला होता. आणि जे फुकट मिळालंय त्याच्या जोरावर दुसऱ्याला हसायचं, हे आपल्या ऑफिसांमध्ये रोज चालतं. तर मंडळी, या वेळचा कॉलम माझ्या रूममेटसाठी. आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत जे कोणी कॉलवर बोलण्याआधी मनातल्या मनात वाक्य तीनदा जुळवून बघतात, त्या सगळ्यांसाठी.

स्कूटरवर कोण कुठे बसतं?

आधी प्राण्याची ओळख. एक साधं क्रियापद आणि त्याच्या शेपटीला अप, ऑफ, आउट, डाउन, बॅक असा एक चिमुकला शब्द, या जोडगोळीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. स्विच ऑफ, फिल आउट, सेट अप, कॉल बॅक. यातल्या काही जोड्यांच्या मध्ये जागा असते. ज्याच्यावर क्रिया होते, तो त्या जागेत येऊन बसू शकतो. गोंधळ सगळा इथे आहे, की कुणी मध्ये बसायचं आणि कुणी मागे.

रविवारी संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोअरला जा आणि स्कूटरवरून येणारी कुटुंबं बघा. पुढे बाबा, मागे आई. बाबा म्हणजे क्रियापद, आई म्हणजे तो चिमुकला शब्द.

तान्हं पोर असेल तर ते कुठे असतं? मध्ये. नेहमी मध्ये. त्याला आईच्या मागे कुणी बसवत नाही, पडेल ना! इंग्रजीतली तान्ही पोरं म्हणजे मी, यू, हिम, हर, इट, अस, देम ही सर्वनामं. म्हणून कॉल यू बॅक. स्विच इट ऑफ. फिल देम आउट. पिक मी अप. इथे चॉइस नाही. ‘स्विच ऑफ इट’ म्हटलंत की पोर पडलंच.

आता दहा वर्षांचा मुलगा. तो मध्येही बसेल, आईच्या मागेही बसेल. (हवालदाराने कानाडोळा केला तर.) हे साधं, छोटं नाम. ‘स्विच द फॅन ऑफ’ म्हणा नाही तर ‘स्विच ऑफ द फॅन’ म्हणा, दोन्ही बरोबर. आणि नेमकं इथेच आपण फसतो. ‘स्विच ऑफ द फॅन’ बरोबर आहे म्हटल्यावर ‘फॅन’ काढून तिथे ‘इट’ ठेवला की झालं, असं वाटतं. नाही होत. दहा वर्षांच्या मुलाला जे झेपतं ते तान्ह्याला झेपत नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे गावाहून आलेला पाहुणा, दोन बॅगा आणि आंब्याची पेटी. ते सगळं मध्ये कोंबलं तर आईचा हात बाबांपर्यंत पोचणारच नाही. ‘प्लीज फिल द फॉर्म दॅट एचआर सेंट अस लास्ट फ्रायडे आउट’ असं म्हणून बघा. ‘आउट’ येईपर्यंत ऐकणाऱ्याची घणसोली मागे पडून कोपरखैरणे आलेलं असतं! लांबलचक काही असेल तर ते मागेच ठेवायचं. ‘प्लीज फिल आउट द फॉर्म दॅट एचआर सेंट अस लास्ट फ्रायडे.’

हे असं का? कारण सोपं आहे. ‘इट’ म्हणजे दोघांनाही आधीच माहीत असलेली गोष्ट. तिच्यावर जोर नसतो, ती पटकन मध्ये सरकवायची. वाक्याचा शेवट म्हणजे स्टेजचा पुढचा भाग, तिथे नवी किंवा वजनदार गोष्ट उभी करायची. मोठी बातमी शेवटी, जुनी बातमी मध्ये. बस्स, एवढंच.

काही जोडपी मध्ये कुणाला घेत नाहीत

पण थांबा. नवं लग्न झालेली जोडपीही असतात ना स्कूटरवर? घट्ट धरून बसलेली, मध्ये वारा शिरायला जागा नाही. लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इनटू, डील विथ. यांच्या मध्ये ‘इट’लासुद्धा प्रवेश नाही. लुक आफ्टर हर, लुक इनटू इट, डील विथ देम.

मग ओळखायचं कसं? शेपटीचा शब्द बघा. आफ्टर, फॉर, अॅट, इनटू, विथ असेल तर मध्ये जागा नाही. अप, ऑफ, आउट, डाउन, अवे, बॅक असेल तर बहुतेक वेळा असते. ऑन आणि ओव्हर हे मात्र दोन्ही घरचे पाहुणे. टर्न इट ऑन, पण वर्क ऑन इट. हँड इट ओव्हर, पण गेट ओव्हर इट.

एक छोटी चाचणीही आहे. क्रिया झाल्यावर ती वस्तूच ऑफ, आउट किंवा बॅक होते का, ते बघा. ‘स्विच इट ऑफ’ केल्यावर पंखा ऑफ होतो. ‘सेंड इट बॅक’ केल्यावर पार्सल बॅक जातं. म्हणून मध्ये जागा. पण ऐरोलीला तुम्ही ट्रेनमधून उतरता तेव्हा ट्रेन ऑफ होत नाही, तुम्हीच ऑफ होता. म्हणून ‘गेट ऑफ द ट्रेन’, आणि मध्ये ‘इट’ नाही. शेपटीला ‘ऑफ’ असूनही! चाचणी दर वेळी चालेल असं नाही, ‘कॉल यू बॅक’मध्ये माणूस कुठे परत येतो? पण अडलेल्या वेळी उपयोगी पडते.

तीन शब्दांचं प्रकरण असेल तर डोकंच लावू नका, सगळं शेवटी. गेट बॅक टू यू. लुक फॉरवर्ड टू इट. पुट अप विथ हिम.

आणि हो, हे फक्त ऑफिसपुरतं नाही. एखाद्याने तिला डेटसाठी विचारायचं ठरवलं असेल तर ‘आस्क हर आउट’. तिने नकार दिला तर ‘शी टर्न्ड हिम डाउन’. नकारातून सावरायचं असेल तर मात्र ‘गेट ओव्हर हर’. बघा ना, विचारताना ती मध्ये होती, विसरताना शेवटी गेली.

घोळ ‘पिकप’चा आहे

रूल तर मिळाला. पण माझ्या रूममेटचा पुढचा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग होता. ‘मग मला कधीच कसं हे जाणवलं नाही? हे शब्द तर मी दिवसभर वापरते.’

आणि इथे माझी ट्यूब पेटली. ती हे शब्द दिवसभर वापरते, पण मराठीत! ‘माझा पिकप साडेपाचला आहे.’ ‘लॅपटॉप शटडाउन कर.’ ‘डेटाचा बॅकप घेतलास का?’ ‘कॉल सेटप करते.’ ‘त्यांचं ब्रेकप झालं.’ मराठीत येताना या जोड्यांच्या मधली फट आपण सिमेंटने बुजवून टाकली. पिक आणि अप असे दोन शब्द उरलेच नाहीत, ‘पिकप’ नावाची एक अखंड वीट झाली. तिला ‘करणे’ जोडलं की काम तमाम. ‘मला पिकप कर.’ आणि आपल्या वाक्यात ‘मला’ तसाही आधीच येऊन बसलेला असतो, क्रियापदाच्या पोटात शिरायची त्याला गरजच नाही.

आता हेच वाक्य परत इंग्रजीत न्या. वीट अखंडच जाते, आणि ‘मला’ उरतो तो मागे चिकटतो. पिकप मी. कॉलबॅक यू. सेटप इट. म्हणजे चूक इंग्रजी न आल्यामुळे झाली नाही. ती झाली इंग्रजी शब्द मराठीत आपण फार सराईतपणे वापरतो म्हणून!

गंमत म्हणजे इंग्रजीतही ही वीट आहे, पण फक्त नामात. ‘बॅकअप’ हे नाम जोडून लिहितात, क्रियापद झालं की दोन शब्द, ‘बॅक इट अप’. लॉगिन, सेटअप, शटडाउन, सगळ्यांचं तेच. मेलमध्ये ‘प्लीज लॉग इन’ लिहिताना मध्ये स्पेस द्यायची ती याच कारणाने. ती स्पेस म्हणजे स्कूटरवरची मधली जागा. आज रिकामी असेल, पण आहे.

पहिलीपासून शिकलो, तरी?

आम्ही दोघी ‘पहिलीपासून इंग्रजी’वाल्या बॅचच्या. राज्य सरकारने २००० साली मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. आमच्या आधीच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवल्या. आमच्या वाट्याला गाणी आली, चित्रं आली, पुढे व्हॉइस बदला आणि रिपोर्टेड स्पीच करा हे आलं. रूममेटला तिच्या शाळेतला पॅसिव्ह व्हॉइस अजून झोपेत विचारला तरी येतो. पण ‘कॉल बॅक’च्या मध्ये जागा असते, हे आठवणीत कुठेच नाही. तिला नाही, मलाही नाही. फरक एवढाच, की माझ्या आजूबाजूला चार माणसं ‘स्विच इट ऑफ’ म्हणणारी होती, तिच्या आजूबाजूला ‘बंद कर’ म्हणणारी.

आणि ‘बंद कर’ म्हणणाऱ्यांच्या भाषेत काय कमी खाचाखोचा आहेत? ‘फोन ठेवून दे’ घ्या. मध्ये ‘च’ घालता येतो, ‘ठेवूनच दे’. ‘तरी’ घालता येतो, ‘ठेवून तरी दे’. पण मध्ये ‘फोन’ घालून बघा. ‘ठेवून फोन दे.’ अर्थच बदलला! आता आधी काहीतरी ठेवायचं आहे आणि मग फोन कुणाला तरी द्यायचा आहे. म्हणजे आपल्याही जोड-क्रियापदात मधली जागा आहे, तिथेही फक्त चिल्ल्यापिल्ल्यांनाच बसू देतात. हा रूल आपल्याला कुणी शिकवला? कुणीच नाही. एखादा परदेशी माणूस मराठी शिकताना ‘ठेवून फोन दे’ म्हणाला तर आपण त्याला हसू का? मला वाटतं आपण त्याला चहा पाजू. मराठी बोलतोय म्हणून!

तुम्ही एकटे नाही आहात

आता थोडा इतिहास, कॉलर ताठ करण्यापुरता. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच मान्य केलंय, की क्रियापदाला असे छोटे शब्द चिकटून अर्थ बदलतो ही गोष्ट परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. म्हणून त्याने अशा जोड्या मुद्दाम काळजीपूर्वक नोंदवल्या. आणि ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर अगदी अलीकडचं. ऑक्सफर्ड डिक्शनरीचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवलं आणि लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या पुस्तकात ते वापरलं. म्हणजे खुद्द इंग्रजांनाही या प्राण्याला काय म्हणायचं ते ठरवायला वेळ लागला.

आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा सध्या जर्मन शिकतोय, पुढच्या वर्षी म्युनिकला जायच्या तयारीत. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो हसून हसून बेजार झाला. जर्मनमध्ये फोन करणे म्हणजे ‘आनरूफेन’. आणि मी तुला फोन करतो म्हणजे ‘इश रूफे डिश आन’. ‘आन’ तुटून थेट वाक्याच्या टोकाला! उद्या, दहा वाजता, ऑफिसमधून, सगळं खानदान मध्येच बसतं आणि ‘आन’ शेवटी. इंग्रजी ही जर्मनची चुलत बहीण, तिने निदान पाहुण्याला मागे बसायची मुभा दिली म्हणायचं.

आणि दहावीला स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेतलेल्यांसाठी खास. प्र, परा, अप, सम् ही उपसर्गांची माळ आठवते ना? आज ते शब्दाला घट्ट चिकटलेले दिसतात, पण वेदांच्या भाषेत उपसर्ग आणि क्रियापद यांच्या मध्ये दुसरे शब्द येऊ शकत. कधी उपसर्ग क्रियापदाच्या नंतरही येई. पाणिनीने अष्टाध्यायीत याची रीतसर नोंद केली आहे. म्हणजे वैदिक ऋषींच्या स्कूटरवरही मधली जागा होती. पुढे आपण ती बुजवली. पिकपसारखीच!

सोमवारसाठी तयारी

आम्ही दोघींनी मग एक खेळ काढला. ऑफिसला जाताना ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये, स्टेशनागणिक एक. एकीने नामाचं वाक्य म्हणायचं, दुसरीने ‘इट’चं. घणसोलीला ‘कॉल ऑफ द मीटिंग’, ‘कॉल इट ऑफ’. रबाळेला ‘प्रिंट आउट द रिपोर्ट’, ‘प्रिंट इट आउट’. ऐरोलीला उतरता उतरता ‘पुट ऑफ द डेमो’, ‘पुट इट ऑफ’. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी बघत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनीच ‘थ्रो अवे द कचरा’ म्हणून आम्हाला टाकलं आणि ‘थ्रो इट अवे’ हे उत्तरही स्वतःच दिलं.

तुम्हीही करून बघा. यादी पाठ करू नका, ‘इट’चं रूप तोंडात बसवा. ‘कॉल ऑफ’ असं न शिकता ‘कॉल इट ऑफ’ असंच शिका. ‘फिल आउट’ नाही, ‘फिल इट आउट’. फट उघडी ठेवूनच शब्द डोक्यात ठेवायचा, म्हणजे वीट होत नाही. आणि कॉलवर ऐन वेळी काहीच सुचलं नाही, तर सरळ नाम वापरा. ‘आय विल कॉल बॅक द टीम’ म्हणा, ‘आय विल सेट अप द कॉल’ म्हणा. नाम शेवटी गेलं तरी पडत नाही.

आणि समोरच्याचं चुकलं तर? कॉल संपल्यावर, एकट्याला, हळूच सांगा. रूल माहीत असेल तर रूलसकट सांगा. रूल माहीत नसेल तर, माझ्यासारखं, आधी गप्प बसा.

परवा दुपारी मोबाइलवर रूममेटचा मेसेज. कॉलवर तिने म्हणे एका दमात टाकलं, ‘आय विल लुक इनटू इट अँड कॉल यू बॅक.’ एक घट्ट जोडपं, एक तान्हं पोर, दोन्ही आपापल्या जागी. मी विचारलं, मग? काय म्हणाले सगळे?

‘काही नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही!!!’ पुढे नाचणाऱ्या बाईच्या सात इमोजी.

रात्री घरी आल्यावर तिने उरलेली बातमी दिली. त्याच कॉलवर तो फिसकन हसणारा म्हणाला होता, ‘लेट्स डिस्कस अबाउट इट.’ डिस्कसला ‘अबाउट’ लागत नाही, हे तिला शाळेपासून पाठ आहे.

‘हसलीस?’ मी विचारलं.

‘हसले ना,’ ती म्हणाली. ‘पण म्यूट करून.’